हौद कुणाचा?

पुण्यात महापालिकेच्या अंदाजपत्रकात साध्या नागरिकालाही काम सुचवता येतं. २००६ पासून ही सोय आहे. क्षेत्रीय कार्यालयातून अर्ज घ्यायचा, आपल्या प्रभागातलं पाच लाखांपर्यंतचं काम त्यात लिहायचं, आणि मंजूर झालं तर ते पुढच्या आर्थिक वर्षाच्या बजेटमध्ये येतं. सोय उत्तम आहे. अडचण एवढीच की काम सुचवा म्हटलं की लोकांना बाकडं सुचतं. ज्या शहरात नदीकाठापासून स्मशानापर्यंत ‘संकल्पना : माननीय अमुक तमुक’ असं रंगवलेली बाकडी आहेत, तिथे लोक आणखी बाकडी मागतात. आमच्या गल्लीनंही एकदा मागितली होती. मिळाली. आता त्यांना स्कूटर टेकवून ठेवतात.

२०२३ साली या अर्जाकडे पुन्हा लक्ष जायला कारण होतं. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. एरवी ड्रेनेज तुंबलं की हक्कानं फोन करायला कुणीतरी ‘माननीय’ असायचे. ते ‘माजी’ झाले. त्यामुळे अर्ज लिहिणं, त्याची पोच घेणं, मागे लागणं हे सगळं गल्लीला स्वतःच शिकणं भाग पडलं. मी बँकेतून निवृत्त झालेली. कागदाची भीती नाही, दुपार मोकळी. फाइल माझ्याकडे आली.

अर्जात कोपऱ्यावरचा झाकलेला हौद लिहायचा, हा विषय मात्र माझा नव्हे. तो मंडळाच्या पोरांनी काढला. दर वर्षी गणपतीचा मांडव घालताना ती गल्लीच्या कोपऱ्यावर खड्डे घेतात. “काकू, त्या चौथऱ्यापाशी पहार मारली की खाली पोकळ वाजतं,” एकानं सांगितलं. चौथरा म्हणजे सिमेंटचा एक उंचवटा. त्यावर मंडळाचा फळा, शेजारी इस्त्रीवाल्याची गाडी. जुनी माणसं अजूनही ‘हौदापाशी ये’, ‘हौदाच्या अलीकडचा वाडा’ असं बोलतात, आणि ऐकणाऱ्यालाही जागा बरोबर कळते. हौद मात्र तरुणांपैकी कुणीच पाहिलेला नव्हता. पेठ कोणती ते मी मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे येईल.

पेठांत राहणाऱ्याला हौदाचं फारसं कौतुक नसतं, कारण पत्तेच त्यांच्यावर चालतात : काळा हौद, फडके हौद, बदामी हौद, बाहुलीचा हौद. पाणी कुठून यायचं हे विचारलं तर ‘कात्रजहून’ एवढं सगळेच सांगतात. पुढे गाडी अडते. म्हणून सुरुवात तिथून केली. १७५० च्या सुमारास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी-विटांच्या नळातून शहरात आणलं. पंप नाही, रहाट नाही. सगळा खेळ उताराचा. वाटेत ठरावीक अंतरावर उच्छ्वास, म्हणजे वर उघडे असणारे बांधीव स्तंभ. नळात कोंडलेली हवा त्यातून बाहेर पडते आणि खालच्या खड्ड्यात गाळ बसतो. सातारा रस्त्याच्या आसपास यातले काही अजून उभे आहेत. पेठांत आल्यावर पाणी एका हौदातून दुसऱ्यात जायचं. काही हौद वाड्यांच्या आत, काही रस्त्यावर. खडकवासल्याचं धरण १८७९ साली झालं, पुढे घरोघरी नळ आले, आणि हौद हळूहळू रिकामेपणी उभे राहिले.

हे सगळं वाचून मी क्षेत्रीय कार्यालयात गेले तेव्हा टेबलामागच्या गृहस्थांनी एकच प्रश्न केला. “जागा कुणाची आहे?”

रास्त प्रश्न होता. महापालिकेचा पैसा खासगी जागेत घालता येत नाही. उत्तर मात्र कुणालाच देता येईना. नगर भूमापन कार्यालयातून शेजारच्या वाड्याची मिळकत पत्रिका काढली. वारसनोंदींची लांबलचक माळ होती, हौदाचा शब्द नव्हता. नकाशात वाड्याच्या भिंतीला लागून एक लहान चौकोन दिसतो, अर्धा भिंतीत, अर्धा रस्त्यात. त्याला नंबर नाही. परिरक्षण भूमापकांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, “रस्त्यात धरा.” वाड्याच्या मालकांचे पुतणे म्हणाले, हौद आमच्या पणजोबांनी बांधलाय. पथ विभागाच्या दृष्टीनं तो रस्ता नव्हता. जपायच्या जुन्या वास्तूंच्या वारसा यादीत तो नव्हता, म्हणून वारसाही नव्हता. प्रत्येक जण आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर होता, हेच त्यातलं वैतागवाणं.

मग पेशवे दप्तराची आशा धरली. कौन्सिल हॉलजवळच्या पुराभिलेखागारात जायचं, रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडायचे आणि आपल्या हौदाची सनद मोडीत लिहिलेली हाती लागायची, अशी स्वप्नं स्थानिक इतिहासाचा नाद लागलेला प्रत्येक जण पाहतो. मोडी वाचणारे एक स्नेही बरोबर आले. त्यांनी आधीच सांगितलं, हौदाच्या नावानं तिथे काही शोधता येत नाही. माणसाचं नाव हवं, साल हवं. दोन्ही आमच्याकडे नव्हतं. पणजोबांची गोष्ट तिथेच राहिली. ती खोटी ठरली असं नाही, पण अर्जाला जोडता येईल असा कागद काही मिळाला नाही.

उपयोगी पडला तो कागद पेशवाईतला नव्हताच. पुणे महापालिकेत तेव्हा दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांना फाइली पाहता येत. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्जही लागत नसे. ही सोय वापरणारे लोक कमी, त्यामुळे गर्दी नसायची आणि कर्मचारी बऱ्यापैकी मोकळेपणानं बोलायचे. एका वयस्क शिपायानं सल्ला दिला, “ताई, हौद म्हणून मागू नका. स्लॅब म्हणून मागा.” कार्यालयातल्या फाइलीला कामाचं नाव असतं, वस्तूचं नसतं. स्लॅब म्हणून मागितल्यावर आमच्या रस्त्याच्या जुन्या कामांचा गठ्ठा निघाला, आणि त्यात १९७० च्या दशकातलं एक पत्र.

पत्र रहिवाशांचंच होतं. ‘आमच्या आळीतील सार्वजनिक हौद वापरात नसून त्यात कचरा व मेलेले उंदीर टाकले जातात, डासांचा उपद्रव होतो, तरी तो तातडीने बंद करावा ही विनंती.’ खाली सह्या. त्यांत माझ्या सासऱ्यांची सही, खाली रेघ ओढलेली, जशी ते प्रत्येक सही करत. हौद नाहीसा केला म्हणून गल्लीत इतकी वर्षं ज्या महापालिकेला नावं ठेवली जात होती, तिनं तो गल्लीच्याच अर्जावरून झाकला होता. आणि मला सासऱ्यांचा राग आला नाही. घरात नळ आलेला, हौदात उंदीर, लहान पोरांना हिवताप. मी त्या काळी इथे असते तर मीही सही केली असती.

पण माझ्या आतल्या बँकवालीला त्या पत्रापेक्षा मागचा कागद आवडला. स्लॅबचा खर्च महापालिकेनं केला होता, आणि कामाच्या नावात ‘सार्वजनिक हौद’ असेच शब्द होते. म्हणजे एकदा तरी या चौकोनावर सार्वजनिक पैसा सार्वजनिक म्हणून पडला होता. मालकीचा पुरावा म्हणून कोर्टात तो टिकेल की नाही ते वकील जाणोत. आमच्या अर्जाला तो पुरला. साक्षांकित प्रत मात्र माहिती अधिकारातूनच घ्यावी लागली : दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज, आणि मुदतीत उत्तर.

एकीकडे कागद चालू होते, दुसरीकडे माणसं. मंडळातली एक मुलगी पत्रकारितेचा अभ्यास करते. तिनं मोबाइलवर जुन्या लोकांच्या आठवणी नोंदवायला घेतल्या. सुरुवातीला आम्ही विचारत होतो, “हौदाबद्दल काही सांगा ना.” या प्रश्नाला पुरुष उत्तर देतात, आणि तेही पेशवाईपासून. मग तिनं प्रश्न बदलला : “तुमच्या घरी पाणी कोण भरायचं?” आणि बायका बोलायला लागल्या. पहाटे कुणाचा नंबर पहिला, सासुरवाशिणींना उन्हाळ्यात किती खेपा पडायच्या, सोवळ्याच्या घागरीला शिवलं म्हणून कोण कुणाशी बोलेनाशी झाली. हौदाच्या कडेला घागर टेकवून दगडाला पडलेल्या खळग्यांची जागासुद्धा एकीनं बोटानं हवेत दाखवली.

पानशेत प्रत्येकाच्या सांगण्यात होतं. १२ जुलै १९६१. बांधकाम पुरं व्हायच्या आधीच पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेला आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. आमची गल्ली उंचावर, ती वाचली. पण धरणच गेल्यावर नळ कुठून येणार? पुढचे दिवस लोकांनी विहिरी, आड आणि हौद पुन्हा उघडले. आमच्या हौदातलं पाणी त्या दिवसांत गाळून, तुरटी फिरवून प्यायलो असं सांगणारे अनेक जण आहेत. नदीकाठचे नातेवाईक ओले अंथरूण घेऊन इथे राहायला आले होते. त्यातले काही पुढे गोखलेनगरला गेले आणि गणपतीला मात्र अजून इथेच येतात.

मागच्या गल्लीतल्या आजींकडे आम्ही सर्वांत शेवटी गेलो, आणि खरं तर त्यांनीच बोलावलं म्हणून गेलो. नातवानं मंडळाच्या ग्रुपवर रेकॉर्डिंग ऐकवलं होतं. आजी म्हणाल्या, “सगळे म्हणतात हौद सगळ्यांचा होता. आमच्या सासूबाई सांगायच्या, हौदाला हात लावायचा नाही. घागर खाली ठेवून लांब उभं राहायचं, कुणी वरून ओतलं तर घ्यायचं. बाजूला जनावरांची डोण होती. बैल तिच्यात तोंड घालायचे, आम्ही नाही.” त्या रागानं बोलत नव्हत्या. चहा देत देत, रेशनच्या रांगेबद्दल सांगावं तशा सुरात सांगत होत्या.

फलकावर काय लिहायचं याची बैठक मंडळाच्या खोलीत झाली तेव्हा ही आठवण ठिणगीसारखी पडली. अर्ज अजून मंजूरही झाला नव्हता, पण फलकाचा मजकूर ठरवायची घाई सगळ्यांना. आपल्याकडे काम होण्याआधी पाटी होते. एक काका म्हणाले, “जुनी भांडणं कशाला उकरायची? आज कोण असं वागतं?” दुसऱ्यांचा मुद्दा जरा बरा होता : लिहायचं तर पुरावा काय? मालकांच्या पुतण्यांना ते वाड्याच्या नावाला बट्टा लावणं वाटलं.

पुराव्याचा प्रश्न मला टाळायचा नव्हता. मी एवढंच म्हटलं की आपल्या गल्लीचा लेखी पुरावा नाही, पण शहराचा आहे. १८६८ साली महात्मा फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, ही घटना म्हणून नोंदली गेली. बाकीचे हौद खुले असते तर एका हौदाची नोंद कुणी कशाला केली असती? ४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोल्यांनी मुंबईच्या विधान परिषदेत सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. तरीही १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांना महाडच्या तळ्यावर लोकांना घेऊन जावंच लागलं. ठराव झाला म्हणून पाणी मिळालं नाही, ही गोष्ट आमच्यासारख्या अर्ज घेऊन फिरणाऱ्यांनी तरी विसरू नये.

वाद मिटवला तो मंडळाच्या अध्यक्षानं. वय पंचवीस, मोबाइल दुरुस्तीचं दुकान. तो म्हणाला, “काका, पानशेतच्या पाण्याचा आपल्याकडे कुठे पुरावा आहे? ते पण आठवणीवरच लिहितोय ना? मग एक आठवण लिहायची आणि दुसरीला पुरावा मागायचा, असं कसं?” यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. पुतणे उठून गेले, पण नंतर वर्गणी पाठवली. पूर्ण पाठवली, हेही सांगायला हवं.

अर्ज मंजूर झाल्याचं आम्हाला बजेटच्या पुस्तकातून कळलं. कामाचं नाव ‘हौद दुरुस्ती व अनुषंगिक कामे’. मग कनिष्ठ अभियंता मॅडम पाहणीला आल्या. त्यांनी स्लॅबचा एक कोपरा कापायला लावला आणि टॉर्च आत सोडला. काळ्या दगडाच्या घडीव भिंती, चुन्याचे सांधे, एका बाजूला नळाचं तोंड. खाली गाळ, प्लॅस्टिक, फुटक्या तसबिरी, देवांचे जुने टाक. बघणाऱ्यांची इतकी गर्दी झाली की इस्त्रीवाल्याला दोन तास धंदा बंद ठेवावा लागला. गर्दीत सर्वांत जास्त प्रश्न मॅडमनाच होते.

संपूर्ण स्लॅब काढावा असं आमच्या मनात होतं. मॅडम नको म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबर होतं : कोपऱ्यावर वळणारी वाहनं, शाळेची पोरं, रात्रीचा अंधार. मधला मार्ग निघाला. रस्त्याकडचा भाग झाकलेलाच ठेवायचा, भिंतीकडचा उघडून त्यावर लोखंडी जाळी बसवायची, आत एक दिवा. गाळ मजुरांनी बादल्यांनी काढला, कारण यंत्राच्या दाबानं चुन्याचे सांधे सुटतील अशी धास्ती होती. गाळातून काही मौल्यवान निघालं का, असं सगळे अजून विचारतात. पितळी घागरीचा एक काठ निघाला आणि असंख्य गोट्या.

एकच दिवस कडाक्याचं भांडण झालं. ठेकेदाराची माणसं दगडाचे सांधे सिमेंटनं भरायला लागली होती. जुन्या चुन्याच्या बांधकामात सिमेंट घातलं की ओल आत कोंडते आणि दगडाचा पापुद्रा सुटायला लागतो. मोडी वाचणाऱ्या स्नेह्यांनी हे आधीच बजावलं होतं. चुन्याचं काम करणारा गवंडी एस्टिमेटमध्ये नव्हता, आणि मार्चअखेर तोंडावर आलेली. शेवटी सांधे न भरता तसेच ठेवायचे ठरलं. माझ्या मते त्या कामातला तो सर्वांत शहाणा निर्णय होता, आणि त्याला खर्चही आला नाही. बिलातून ती रक्कम कापली गेली, हे मी फाइलीत जाऊन पाहिलं.

फलक महापालिकेच्या पैशातून घ्यायचा नाही, असं गल्लीनं ठरवलं. पैसा त्यांचा आला की नावांची रांग येते. वर्गणी काढली. मजकुरावर शेवटपर्यंत कात्री चालली. आज तिथे हौदाची मापं आहेत, कात्रजच्या नळाची दोन वाक्यं आहेत, पानशेत आहे, रहिवाशांच्या अर्जावरून हौद झाकला हे आहे, आणि हे वाक्य आहे : ‘हा हौद सार्वजनिक म्हटला जाई, तरी गावकुसाबाहेरच्या मानलेल्या कुटुंबांना त्याला हात लावता येत नसे, असे येथील रहिवासी सांगतात.’ ‘येथील रहिवासी सांगतात’ हे शब्द काकांच्या आग्रहाचे. मला ते आधी पळवाट वाटले. आता वाटतं, बरे आहेत. सांगणारे कोण ते त्यात येतं. ‘संकल्पना’ ही ओळ नाही. एका माजी माननीयांनी चौकशी केली होती, त्यांना चहा पाजला.

आता पेठेचं नाव न सांगण्याचं कारण. शेजारचा वाडा पुनर्विकासाला गेला आहे. भाडेकरूंचे करारनामे चालू आहेत, त्यांना वर्षानुवर्षं गळकी कौलं सोसल्यावर बंद दाराचा संडास आणि लिफ्ट मिळणार आहे. त्याला विरोध करायचा माझा मुळीच विचार नाही. पण विकसकाच्या नकाशात हौदाचा चौकोन इमारतीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत धरलेला दिसतो. त्या जागेत उद्या पाण्याची टाकी येईल की पार्किंगचा उतार, ते नकाशावरून कळत नाही. वाद सुरू असताना नावं छापून कुणाचं भलं होत नाही.

आम्ही दोन अर्ज दिले आहेत. एक, हौदाची जागा सार्वजनिक म्हणून नकाशात स्वतंत्र दाखवावी, सोबत जुन्या स्लॅबच्या कामाची साक्षांकित प्रत. दुसरा, हौद वारसा यादीत घेण्यासाठी पाहणी करावी. पुतण्यांनी दुसऱ्या अर्जावर सही केली आहे, पहिल्यावर नाही. दोन्हींची पोच माझ्याकडे आहे, पाहणीची तारीख अजून आलेली नाही. तारीख आली की अभियंता मॅडमना कळवायचं, मंडळाच्या पोरांनी आदल्या दिवशी जाळी उचलून आतला कचरा काढायचा आणि मागच्या गल्लीतल्या आजींना रिक्षानं आणायचं, असं ठरलं आहे. आजींनी विचारलंय, अधिकाऱ्यांपुढे बोलायचं की नुसतं उभं राहायचं. बोलायचं, असं सांगितलं आहे.